मागं घेतलेलं पाऊल

आमच्या हिनं काठी कधी आपली म्हणून हातात धरली नाही. दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरनं सांगितलं म्हणून मुलानं दुकानातून आणली, वाकड्या मुठीची, तपकिरी, खाली रबराचं बूच. पण नवरा ताठ चालतोय आणि बायको काठी टेकतीय, हे तिला चारचौघांत चालणारं नव्हतं. मी तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. म्हणायची, "लोक म्हणतील, म्हाताऱ्याच्या आधी हीच म्हातारी झाली."

मग आमचं ठरलं. ठरलं म्हणजे तिनं ठरवलं. रस्त्यावर आपलं कुणी नसलं की काठी तिच्याकडं. ओक ट्री रोडची आपल्या लोकांची दुकानं लागली, साड्या, मिठाई, ओळखीचे चेहरे दिसायला लागले, की काठी माझ्या हातात द्यायची आणि माझं कोपर धरून चालायचं. बघणाऱ्याला वाटावं काठी ह्यांची आहे आणि बाई नवऱ्याला सांभाळून नेतीय. एकदोघांनी मला विचारलंसुद्धा, "काका, गुडघे का?" मी हो म्हणायचो. ती मान खाली घालून हसायची.

विमानं आदळून ते दोन टॉवर पडले त्याच्या पुढच्या वर्षी मुलानं आम्हांला सातासमुद्रापार इथं एडिसनला आणलं. मी सातवी नापास माणूस. साखर कारखान्यात फिटर होतो, जन्म मशिनच्या तेला-ग्रीसात गेला. इथं आल्यावर मला "थँक्यू" आणि "नो प्रॉब्लेम" एवढंच बोलता यायचं, तेही चुकीच्या जागी. मुलगा, सून दोघं कॉम्प्युटरवाले, सकाळी आठच्या ट्रेननं जायचे. दिवसभर बोलायला तीच होती. भांडायलाही तीच.

आता जे झालं ते सरळ लिहितो. दोन वर्षं वाकडं सांगितलं.

नोव्हेंबर होता. चारच वाजले होते, पण उन्हाचा रंग गेलेला. मुलगा गाडी घेऊन येणार होता, त्याच्या ऑफिसात काही रिलीज का काय होतं म्हणून तो आला नाही. आम्ही चालत निघालो. दुकानं संपून घराकडच्या गल्लीला वळलो. काठी अजून माझ्याच हातात होती, कारण मिठाईवाल्याच्या दारात मुलाच्या मित्राची आई भेटली होती आणि ती मागून बघत असेल असं हिला वाटत होतं. समोरून एक जण आला, टोपी डोळ्यांवर ओढलेली. त्यानं हिच्या खांद्यावरची पर्स ओढली. एकच हिसका. पट्टा तुटला. ती डगमगली, पण पडली नाही. माझं कोपर तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

आणि मी मागं सरकलो.

तरुणपणी मी आठ वर्षं तालमीत लाठी फिरवली आहे. लाठीचा पहिला धडा म्हणजे जागा कर. समोर माणूस आला की एक पाऊल झटकन मागं, मग पवित्रा. लाठी माणसाएवढी उंच, जागा नसली तर ती फिरणार कुठं? आमचे वस्ताद पाऊल चुकलं तर पोटरीवर सटका द्यायचे. ते पाऊल अंगात इतकं मुरलं होतं, की चाळीस वर्षांनीसुद्धा न विचारता उचललं गेलं. माझ्या हातात लाठी नव्हती, तीन फुटांची काठी होती, आणि कोपराला बायको होती. अंगाला ते कुठं कळतंय! कोपर तिच्या हातातून सुटलं. चोर तोवर दहा हात लांब पळाला होता. ती त्याच्यानंतर पडली. फुटपाथच्या काठावर, खुब्यावर.

हॉस्पिटलात मुलानं मला विचारलं, "आबा, त्यानं ढकललं का?"

मी म्हणालो, "हो."

खुब्याचं ऑपरेशन झालं. मग छातीत पाणी झालं. एकोणीस दिवसांनी ती गेली. मधे दोन-तीन दिवस ती चांगली शुद्धीवर होती. तिनं त्याबद्दल काही काढलं नाही, मीही काढलं नाही. कुकरची शिट्टी बदलायची राहिलीय, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

माझ्या त्या एका "हो"नं मुलाचं वाटोळं केलं. तो दर महिन्याला पोलिसांना फोन करायचा. गाडी चालवताना फुटपाथवर टोपीवाला दिसला की वेग कमी करून त्याच्याकडं बघायचा. घरी कुणी आलं की सांगायचा, "मी त्या दिवशी गेलो असतो तर आई असती. माझं ऑफिस." सून म्हणायची, "अरे, स्टॉप इट ना." तो थांबायचा नाही. मी समोर बसून चहा प्यायचो. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आज त्याचं डोकं दुखतंय, उद्या सांगू. अशी दोन वर्षं गेली.

ती गेल्यावर काठी माझीच झाली. खरंच लागायला लागली होती म्हणा, किंवा नव्हती.

आमच्या इमारतींच्या मधे एक तळं आहे. तिथं ती मोठी बदकं येतात, मान काळी, आवाज घाणेरडा, वाट अडवून फुत्कारतात. एकदा एक बदक अंगावर धावून आलं. मी काठी दोन बोटांत फिरवून त्याच्या चोचीपुढनं नेली, लागू दिली नाही. त्यानं बसकण मारली. मागून टाळी वाजली. शेजारच्या इमारतीत राहणारी नागपूरची बाई होती, चाळिशीची, तीही कॉम्प्युटरवाली, हिच्याकडं लोणच्याची बरणी मागायला यायची.

"काका! हे कुठं शिकलात हो तुम्ही?"

"बदकं हाकायला शिकायला लागतंय?"

"ते नाही न काका. ती काठी फिरवली ती. परत करा बरं एकदा."

मी केली. तिनं तिथंच उभं राहून मला सगळं सांगितलं. लायब्ररीच्या तळघरात दर शनिवारी सकाळी आठ-नऊ जण जमतात. शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये एक विद्या होती, रस्त्यावर गुंड आडवा आला तर साहेब लोकांनी काय करायचं त्याची. ती पार मेली होती. ती परत उभी करायचं ह्या लोकांच्या डोक्यात आहे.

"काका, तुमच्यासारखा माणूसच नाही आमच्याकडं. सगळे पुस्तकी."

"मी काय करू तिथं? मला इंग्रजी येत नाही."

"त्यांना काठी कुठं येते? फिट्टंफाट."

मी गेलो. घरी सांगितलं, लायब्ररीत मराठी पेपर बघायला जातो. आणखी एक खोटं.

शिकवणारा गोरा म्हातारा होता, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेला, कानात मशीन. त्यानं मला "सर" म्हटलं. मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सर म्हटलं, तेही मास्तरानं. तो सांगायचा आणि नागपूरची बाई मला मराठीत सांगायची. एक इंग्रज इंजिनियर होता. जपानमध्ये नोकरी करून आला, तिथं कुस्तीचे डाव शिकला. लंडनला येऊन त्यानं जपानी पैलवान बोलावले, काठी शिकवायला एक स्विस माणूस ठेवला, आणि सगळं एकत्र करून क्लब काढला. मोठमोठे लोक यायचे, हॅट, कोट, हातात छडी. थोड्याच वर्षांत क्लब बंद पडला. पैलवान आपापल्या वाटेनं गेले. त्यांच्यातल्या कुणाकुणाकडून पुढं बायकांनी डाव शिकून घेतले. मताच्या हक्कासाठी भांडणाऱ्या बायका होत्या, पोलीस त्यांच्या पुढारणीला धरायला आले की ह्या पोलिसांना आडवं करायच्या. हे सांगताना नागपूरची बाई नुसती फुलायची. तो इंजिनियर मात्र शेवटी गरिबीत मेला. त्याच्या थडग्यावर नाव नव्हतं. मास्तर हे सांगून थांबला आणि चष्मा पुसत बसला. मला वाटलं, ह्याच्या घरातलंच कुणीतरी गेलं होतं की काय.

मी म्हणालो, "त्याच सुमाराला आमच्या वस्तादांचे वस्ताद तालमीत लाठी शिकवायचे. तिथं साहेबाचे पोलीस लाठ्या उचलून न्यायचे, असं वस्ताद सांगायचे. म्हणजे साहेबाला आपल्या घरी काठी पाहिजे होती, आमच्या हातात नको होती."

बाईनं ते इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले. मास्तर हसला नाही, त्यानं वहीत लिहून घेतलं.

त्यांचं काम असं चालायचं. इंजिनियरनं एका मासिकात फोटोंसकट लेख लिहिले होते, त्यांच्या प्रती काढलेल्या. एक जण कागद धरून मोठ्यानं वाचायचा, दोघं तोंडाला जाळीचे मुखवटे लावून त्या फोटोसारखे उभे राहायचे. भांडणं व्हायची. कारण एका फोटोत मिशीवाला काठी डोक्यावर धरून उभा, आणि दुसऱ्या फोटोत समोरचा थेट जमिनीवर. मधे काय झालं ते कुठं आहे? वाचून वाचून कागद फाटायला आले तरी ते सापडेना. एक डाव तर कोट काढून समोरच्याच्या डोक्यावर टाकायचा होता. इथल्या थंडीतल्या त्या फुगलेल्या जाकिटाच्या चेनचा गोंधळ सोडवेपर्यंत चोर पुढच्या गावाला पोचला असता. तेही करून बघितलं त्यांनी, अगदी मनापासून.

मला ते इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी पाय बघायचो. कारखान्यात बेअरिंग निकामी झालं की आम्ही ते हातात घेऊन कुठल्या बाजूनं झिजलंय ते बघायचो. त्यावरून शाफ्ट कसा फिरत होता ते कळायचं. तसंच हे. मिशीवाल्याची मागची टाच उचललेली होती. मी म्हटलं, "हा उभा नाही, हा निघालाय. वजन पुढं आहे. त्यानं हात मुद्दाम उघडा ठेवलाय, समोरच्यानं मारावं म्हणून. तो मारेल तेव्हा हा तिथं नसणार." आणि करून दाखवलं. मास्तरची काठी हवेत गेली आणि माझी त्याच्या मनगटावर टेकली. मास्तर म्हणाला, "अगेन." त्या सकाळी आम्ही तेच वीस वेळा केलं.

मला तिथं बरं वाटायचं हे कबूल करतो. आणि बरं वाटतंय ह्याची लाज वाटायची. ज्या पायानं तिला पाडलं त्याच पायाचं कौतुक चाललं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका शनिवारी काठीच्या मुठीचा डाव निघाला. वाकडी मूठ समोरच्याच्या मानेत अडकवायची आणि खाली ओढायचं. मास्तरनं वाचलं, बाईनं सांगितलं, "काका, इथं मागं नाही जायचं. माणूस अगदी अंगाला आला असला की आत शिरायचं, त्याच्या दिशेनं." मी म्हटलं, "परत वाच म्हणावं." त्यानं परत वाचलं. तेच होतं.

बाकीचे जोड्या लावायला लागले. मी भिंतीशी खुर्चीवर बसलो. बाई पाणी घेऊन आली.

"काका, काय होतंय? चक्कर येते का?"

"मला एक करून बघायचंय. मास्तरला सांग, चोर हो म्हणावं."

तिला सगळं ठाऊक होतं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं तेवढं. तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाली, "मी काकू बनते." आणि आपली पर्स खांद्याला लावून माझ्या डाव्या कोपराला धरून उभी राहिली. खाली निळ्या गाद्या होत्या. मास्तरला तिनं हळू आवाजात समजावलं. त्यानं मुखवटा काढून ठेवला.

तो समोरून आला, पर्स ओढली. माझा पाय मागं गेला. बाई धपकन गादीवर बसली.

"काका, तुम्ही सोडलं मला," ती हसत म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघून हसायची थांबली.

मी म्हटलं, "परत."

परत पाय मागं. परत बाई खाली. तिसऱ्यांदा मी आधीपासून मनात घोकत होतो, पाय हलवायचा नाही, हलवायचा नाही. हललाच. तिसऱ्यांदा ती कुशीवर पडली, ही पडली होती तशीच, हात पुढं करून. बाकीच्या जोड्या काठ्या खाली घेऊन आमच्याकडं बघायला लागल्या. मास्तर जवळ आला आणि माझ्या मागच्या पायाच्या पाठीशी त्यानं आपला बूट आडवा लावला. बूट तिथंच ठेवून त्यानं वाकून हात लांब केला आणि पर्सचा पट्टा धरला. माझा पाय त्याच्या बुटाला अडला. अडला म्हणून मी पुढं गेलो. काठीची मूठ त्याच्या मानेशी गेली, पट्टा त्याच्या हातातून सुटला. बाई उभीच. माझं कोपर तिच्या हातात.

म्हणजे होण्यासारखं होतं. मला तेच बघायचं होतं. बघून झालं.

मी वळलो तर दारात मुलगा उभा. बर्फ पडायला लागला होता म्हणून तो मला न्यायला आला होता. वर पेपरांच्या टेबलाशी मी नाही म्हटल्यावर कुणीतरी त्याला खाली पाठवलं. त्याच्या खांद्यावरचा बर्फ वितळून गेला होता. म्हणजे बराच वेळ उभा असणार, बाई तिन्ही वेळा पडली ते बघत.

गाडीत त्यानं हीटर लावला, सीटचा पट्टा लावला, माझाही लावून दिला. पहिल्या सिग्नलला गाडी थांबवून तो म्हणाला,

"त्यानं ढकललं नव्हतं तिला."

"नाही."

"तुम्ही मला हो म्हणालात."

"म्हणालो."

"आबा, मी दोन वर्षं..." सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न दिला, ह्यानं गाडी हलवली नाही. "ती काठी तुमच्याकडं काय करत होती? आईची होती ना ती? मी तिच्यासाठी आणली होती."

मी त्याला आमचं ते ठरलेलं सांगितलं. दुकानं आली की काठी माझ्याकडं. मित्राची आई भेटली ते. त्याला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला आतापर्यंत वाटत होतं, आई काठी वापरतीय.

"वेडे आहात तुम्ही दोघं," तो म्हणाला. मग स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडला. मागचा आमच्या बाजूनं शिवी देऊन निघून गेला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं खांदा बाजूला घेतला.

त्यानंतर तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. पोलिसांना फोन करणंही बंद झालं. जेवायला बसला की ताटाकडं बघून जेवायचा. सून मला म्हणाली, "आबा, त्याला थोडा टाइम द्या. तो सगळं प्रोसेस करतोय." मी म्हटलं, "करू दे." काय करतोय ते मला कळलं नाही, पण थांबण्याशिवाय माझ्या हातात काही नव्हतं. नागपूरची बाई दोनदा येऊन गेली. मास्तर विचारतोय म्हणाली. मी गेलो नाही. मास्तरवर राग नव्हता, त्याचा बूट माझ्यापेक्षा शहाणा निघाला. पण जे बघायला गेलो होतो ते बघून झालं होतं, आणि खेळ म्हणून ते मला आता करता आलं नसतं.

महिन्यानं तिचं वर्षाचं श्राद्ध आलं, दुसरं. सुनेनं वडे, खीर, भाजी सगळं केलं, रजा घेऊन. मुलगा पान वाढून बाल्कनीत ठेवायला गेला. इथं कावळे कमी, एखादा आला तर आला. मी मागोमाग गेलो. दोघं कठड्याशी उभे. थंडीनं वड्यांवर तूप गोठायला लागलं होतं.

त्यानं माझ्याकडं न बघता विचारलं, "पडताना ती काही बोलली?"

इथंही मला खोटं बोलता आलं असतं. त्याचं नाव घेतलं म्हणून सांगितलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"'अहो' म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच."

तो पानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "धरायला पाहिजे होतं तुम्ही."

"हो."

तो आत गेला. मी बराच वेळ बाहेर थांबलो, कावळा आला नाही. सुनेनं हाक मारली तेव्हा आत आलो. मुलानं माझं ताट वाढून ठेवलं होतं, आपल्या ताटाच्या शेजारी नाही, समोर. आम्ही जेवलो.

आता आम्ही बोलतो. औषधं संपली का, बर्फ किती पडणार, हीटर वाढवू का, एवढं. तो रस्त्यानं टोपीवाल्यांकडं बघत नाही, हे मी गाडीत बसलो की बघतो. माझ्याकडंही फारसा बघत नाही. दोन वर्षं तो परक्या माणसावर रागावला होता, आता घरच्या माणसावर आहे. खरं सांगितल्यानं ओझं हलकं होतं म्हणतात, माझं तसं काही झालेलं नाही. मी सांगितलंसुद्धा नाही, त्यानं बघितलं. ते मी स्वतः सांगायला पाहिजे होतं, पहिल्याच दिवशी, ती जिवंत असताना, तिच्या खाटेशी उभं राहून.